छोटीच्या शेजारची जागा

४ मे, रविवार

पोचलो एकदाचे. छोटीच्या दोन बॅगा, माझी एक. तिन्ही मीच वर आणल्या, कारण तिला "घशावर ताण नको". बॅगेचं ओझं घशावर कसं येतं ते देव जाणे.

शिबिर एका निवासी शाळेत आहे. मुलं सुट्टीला घरी गेलीत, त्यांच्या खोल्या आम्हाला दिल्यात. पलंग मुलांच्या मापाचे, माझे पाय बाहेर. कपाटाच्या दारावर आतून कुणीतरी पेनाने कोरलंय — "गणित मुर्दाबाद". खिडकीजवळचा पलंग छोटीने घेतला. "ताई, तुला चालेल ना?" असं विचारलं खरं, पण तोवर तिची उशी तिथे ठेवून झाली होती.

ती आमच्या घराचा गळा. शाळेत गाणं शिकवते. तिसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा इथे घेतलं तिला. मोठमोठ्या रंगमंचांवर गाणारी माणसं इथे दोन आठवडे शिकवणार, शेवटी कार्यक्रम, आणि आमच्यातल्या एकाला त्या लोकांच्या साथीने एकट्याने गायला मिळणार. छोटीला ते हवंय. "पुढच्या वर्षी सत्तेचाळीस. मग गळा असला काय नि नसला काय," म्हणते.

आणि मी कशाला? तर तिला अनोळखी बाईबरोबर एका खोलीत झोप लागत नाही. म्हणून समूहात मागच्या रांगेत माझं नाव घातलंय. चष्म्याचं दुकान ह्यांच्यावर टाकून आले. हे म्हणाले, "जा गं, गिऱ्हाईक कुठे पळून जातंय. त्याला दार तरी दिसायला हवं."

संध्याकाळी आईचा फोन. "छोटीला सांभाळ." मी एकावन्न वर्षांची झाले. आईचं वाक्य तेच आहे.

५ मे, सोमवार

पहिला दिवस. शिकवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. फोटोत केवढ्या उंच वाटायच्या. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतील. जाड तळव्यांचे बूट, काखेत गरम पाण्याचा थर्मास. बोलताना आवाज घोगरा, जणू दिवसभर बाजारात भाजी विकून आल्यात.

सकाळभर एक सूर लावू दिला नाही. सगळ्यांना जमिनीवर उताणं झोपवलं आणि श्वास घ्यायला सांगितलं. पन्नाशीची माणसं, कुणाचे गुडघे वाजतायत, कुणाची कंबर. आमच्यात एक बेकरीवाले काका आहेत, पहाटे उठायची सवय, ते सरळ घोरायला लागले. आम्ही हसू दाबतोय तर मॅडम म्हणाल्या, "हसू नका. अख्ख्या खोलीत हा एकच माणूस बरोबर श्वास घेतोय."

पियानो वाजवणारे गृहस्थ लांब हाताचे, अबोल. वाजवताना मान अशी हलते की झोप आल्यासारखी. छोटीने पहिल्या पाच मिनिटांत नाव ठेवलं — डुलक्या. आता मला त्यांच्याकडे बघवत नाही.

७ मे, बुधवार

आज समूहात गायलो. मी नेहमीसारखी छोटीच्या डाव्या हाताला. मॅडम रांगांमधून फिरत होत्या, एकेकाच्या तोंडाजवळ कान नेत. माझ्याजवळ आल्या आणि थांबल्या. मला वाटलं चुकले. आवाज बंद केला.

"बंद का केलंत?"

"चुकत होतं ना?"

"मी म्हणाले का चुकतंय?" मग, "कुठे शिकलात?"

म्हटलं, कुठेच नाही. धाकट्या बहिणीला क्लासला घेऊन जायचे. आई कामावर, बाबा कामावर, मग मीच न्यायची-आणायची. ती शिकायची, मी मागे स्टुलावर बसून शाळेचा अभ्यास करायचे. घरी आल्यावर तिला सरावाला जोड हवी म्हणून खालचा सूर धरायचे.

"किती वर्षं?"

"ती कॉलेजात जाईपर्यंत."

"म्हणजे शिकलात की," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

खोलीवर आल्यावर छोटीने विचारलं, "काय म्हणत होत्या गं?" मी म्हटलं, काही नाही, तोंड नीट उघडा म्हणाल्या. का खोटं बोलले कुणास ठाऊक. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

८ मे, गुरुवार

छोटीचा दिवस. सगळ्यांसमोर चार ओळी गायली, पियानोच्या जवळ उभी राहून, मी डाव्या हाताला हलकेच खालचा सूर धरून. कसली दिसते ती गाताना! मान वर, डोळे अर्धे मिटलेले. आवाजाला अशी साखर की बेकरीवाले काका म्हणाले, "हिला आमच्या भट्टीजवळ उभी केली तर पाव आपोआप फुगतील." रात्री जेवताना तिने दोनदा खीर घेतली. मी तिच्या ताटाकडे बघून सुखावले. लहानपणापासूनची सवय.

९ मे, शुक्रवार

मॅडमनी जागा बदलल्या. सांगितलं, दर काही दिवसांनी बदलणार, शेजाऱ्याची सवय लागता कामा नये. मला खिडकीकडे पाठवलं, छोटीला पार पुढे दाराशी.

गाणं सुरू झालं. एक लांब ओळ आहे, नदीकाठी वाट बघणाऱ्या बाईची; वरचा सूर छोटीकडे. श्वास न तोडता चढत जायचं आणि वरच थांबायचं. छोटीची ओळ वर गेली आणि मग — कसं लिहू — हळूहळू खाली बसली. केक मध्येच बसतो तशी. फार नाही. पण डुलक्याची मान हलायची थांबली.

परत. तेच. तिसऱ्यांदा तिने मध्येच तोडलं आणि म्हणाली, "पियानो उतरलाय वाटतं."

डुलक्यांनी तो एक सूर नुसता दाबून धरला, विरेपर्यंत. मॅडमनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

खोलीवर छोटी पुन्हा म्हणाली, "पियानोच उतरलाय ना गं?" मी म्हटलं, "हो, दमट हवा आहे." पियानो चांगला होता.

१० मे, शनिवार

चहाच्या वेळी मॅडमनी बोलावलं. मागच्या पायरीवर बसल्या होत्या, बूट काढून, पाय चोळत. म्हणाल्या, बसा. मग एकदम:

"बहिणीचा आवाज गोड आहे. कान कच्चा आहे. तुम्ही शेजारी असलात की तिचा सूर जागेवर, तुम्ही लांब गेलात की उतरतो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, तिच्या शेजारी मी कायमच असते. लांब जाऊन कधी ऐकलंच नाही.

"तुम्ही तिला टेकू लावून उभ्या आहात. इतक्या हलक्या हाताने की ऐकणाऱ्याला कळत नाही. हे करायला आमच्याकडे लोकांना वर्षं घालवावी लागतात." थर्मासचं झाकण काढलं, प्यायल्या, परत लावलं. "स्वतःसाठी कधी गाऊन बघितलंत?"

"मी दुकान बघते," म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी जेवण लवकर उरका आणि पियानोच्या खोलीत या."

माझ्या हातातला चहा गार झाला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग — आणि कुणावर ते कळेना. बाबा म्हणायचे, "थोरली हिशेबाची, धाकटी गळ्याची." पाहुण्यांसमोर म्हणायचे, आणि मी मान डोलवायचे. एवढ्या वर्षांत कुणी एकाने मला लांब उभं करून ऐकू नये? मी स्वतः तरी?

एकावन्नाव्या वर्षी हे कळून करायचं काय? दात पडल्यावर चणे.

११ मे, रविवार

सुट्टी. छोटी आणि मी गावात भटकलो. तिने सगळ्या दुकानांत जाऊन काहीही न घेता वस्तूंशी गप्पा मारल्या. मॅडमची नक्कल केली — थर्मास काखेत, घोगरा आवाज, "तुम्ही श्वास घेता की सुस्कारे टाकता?" रस्त्यात हसून हसून माझ्या पोटात दुखलं. टेकडीवर जाऊन बसलो. माझे पाय दुखतात म्हणून तिने ते मांडीवर घेतले आणि दाबत बसली. लोक बघत होते, तिला काही नाही.

"ताई, एकटी असते ना इथे, तर पहिल्याच दिवशी पळाले असते."

"का गं?"

"अशीच."

सांगायचं होतं. मंगळवारचं. तोंडापर्यंत आलं होतं. तिने इतक्या मायेने पाय दाबावेत आणि मी ते सांगावं? उद्या सांगू म्हटलं.

१३ मे, मंगळवार

सांगितलं नाही. "ह्यांना फोन करायचाय, लेन्सच्या मशीनचं काहीतरी झालंय," म्हणून जेवणावरून उठले. मशीन ठणठणीत आहे. चोरून भेटायला जातात तशी मी पियानोच्या खोलीकडे गेले, कुणी बघत नाही ना असं मागे बघत. ह्या वयात!

डुलक्या आणि मॅडम. नदीकाठचीच ओळ. मी सवयीने खालचा सूर धरला.

"वरचा," मॅडम म्हणाल्या.

"वरचा छोटीचा."

"छोटी जेवतेय. वरचा."

पहिल्यांदा आवाज निघाला तो मांजरीसारखा. दुसऱ्यांदा जरा बरा. तिसऱ्यांदा मॅडमनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, म्हणाल्या, तुम्ही लोकांच्या तोंडाकडे बघून गाता, त्यांना काय हवंय ते शोधत. भिंतीला काही नको असतं. गा.

गायले. ओळ वर गेली आणि वरच राहिली. मी तिला धरलं नव्हतं, तीच राहिली. सायकलचा मागून धरलेला हात सुटल्यावर होतं तसं. संपल्यावर डुलक्यांनी त्यांचे लांब हात मांडीवर ठेवले आणि आठवडाभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "बाई, मी साथ करतो. आज मला साथ मिळाली."

मॅडमनी कौतुक केलं नाही. म्हणाल्या, "उद्या एकट्याच्या गाण्याची चाचणी आहे. तुमचं नाव घालते."

मी नाही म्हणायला हवं होतं, किंवा हो म्हणून धावत छोटीकडे जायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. म्हटलं, "बहिणीला आत्ता सांगू नका." मॅडम म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा. मी शिकवायला आलेय."

खोलीत छोटी तीच ओळ गुणगुणत केस विंचरत होती. "मशीन झालं का सुरू?" म्हणाली. "झालं," म्हटलं.

१४ मे, बुधवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण कुठेतरी ठेवायलाच हवं.

चाचणी सकाळी, मोठ्या हॉलमध्ये. पाच-सहा जणांची नावं. छोटीचं तिसरं, माझं शेवटचं — यादी मॅडमच्या हातात, अजून कुणाला माहीत नाही. छोटीने निळा झगा घातला होता, हात गार पडले होते. तिचं नाव आलं तशी ती उठली, दोन पावलं गेली आणि वळली. "मॅडम, ताईला शेजारी उभं करू का? ती नुसता खालचा सूर गुणगुणेल. मला धीर येतो."

मॅडम म्हणाल्या, "कार्यक्रमात एकटंच गायचंय. पण आत्ता चालेल."

मी गेले. डाव्या हाताला. डुलक्यांनी सुरुवात केली.

अर्धं गाणं मी तिच्याबरोबर होते. ती इतकी सुंदर गात होती. लोक पुढे झुकून ऐकत होते. मला ते सगळे चेहरे दिसत होते, आणि सगळे तिच्याकडे. ती लांब ओळ आली. ती चढली. मीही श्वास घेतला होता, तयार होते. आणि मी थांबले.

तोंड मिटलं. बस. एवढंच केलं.

ती वर पोचली, आणि सूर उतरायला लागला. तिने डोळे उघडले. समोर नाही बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तेव्हासुद्धा वेळ होता. मी नुसता ओठांतून सूर दिला असता तरी ती सावरली असती. मी ओठ मिटून उभी होते आणि बघत होते, कुठवर उतरतो ते. ओळ संपेपर्यंत उतरला. कुणीतरी खुर्ची सरकवली.

छोटीने गाणं पूर्ण केलं. सोडलं नाही मध्येच. खाली वाकून सगळ्यांना नमस्कारसुद्धा केला आणि जागेवर जाऊन बसली, गुडघे जुळवून, शाळेतल्या मुलीसारखी.

शेवटी माझं नाव पुकारलं. तिने मान वळवून बघितलं नाही. मी गायले. चांगलं गायले. ते अजून वाईट.

नंतर मॅडमनी जिन्यात गाठलं. "थांबलात तुम्ही."

"हो."

"ठरवून?"

"माहीत नाही."

"माहीत असेल." मग एक पायरी खाली उतरून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "स्टेजवर शेजारच्याला पाडणं फार सोपं असतं. रोज जमण्यासारखं असतं. म्हणून आम्ही ते करत नाही. एवढं एक शिकून जा इथून, बाकी गळ्याचं काय, गळा आहेच तुमचा."

मी म्हटलं, एकट्याचं गाणं मला नको. छोटीला द्या.

"ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. ज्याला जमलं त्याला गाणं दिलंय. उपकाराची खिरापत वाटायला मला इथे बोलावलेलं नाही."

१५ मे, गुरुवार

सकाळी उठले तर छोटी बॅगा भरून बसली होती. मी म्हटलं, "थांब की. कार्यक्रम तरी." ती म्हणाली, "शाळेत काम निघालंय." शाळेला सुट्टी आहे.

"छोटे, मी काल —"

"ताई, माझी रिक्षा येईल."

तिच्या बॅगा उचलायला गेले तर तिने हात आडवा केला. दोन्ही स्वतः खाली नेल्या. एक जिन्यात आदळत आदळत. मी वरून बघत राहिले. बेकरीवाले काका धावले आणि त्यांनी ती बॅग घेतली. मला त्या माणसाचा हेवा वाटला.

खिडकीजवळचा पलंग रिकामा आहे. मी तिकडे गेले नाही.

१६ मे, शुक्रवार

दिवसभर सराव. आईचा फोन आला, छोटी घरी पोचल्याचं तिला कळलंय. "तू काय बोललीस तिला?" म्हणाली.

"काहीच बोलले नाही, आई."

खरं तर तेवढंच खरं आहे.

१७ मे, शनिवार

झालं.

हॉल भरला होता. हे आले होते, दुकान लवकर बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटून दुसऱ्या रांगेत. पडद्यामागे मॅडम एका खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या, चेहरा पांढरा. मला वाटलं बरं नाही. डुलक्या म्हणाले, "दर वेळी असंच होतं त्यांना. उलटी होते कधीकधी. मग जातात आणि गातात." जन्मभर गाणाऱ्या बाईची ही गत. मी विचारलं, मग का गाता? मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या, "तुम्ही दुकान का उघडता? तसंच."

मग माझं नाव. गेले. ओळीच्या आधी मी सवयीने उजवीकडे मान वळवली. तिथे दिव्याचा उजेड पडला होता, दुसरं काही नाही. गायले. सूर वर गेला, राहिला. तो राहिला तेवढा वेळ मला कशाचाच पश्चात्ताप नव्हता, हे खरं लिहायला हवं. छोटीचाही नव्हता. कुणीच नव्हतं. मग ओळ संपली आणि सगळं परत आलं, एकदम.

लोक उभे राहिले. मॅडमनी माझा हात धरून वर केला. त्यांचा हात बर्फासारखा होता.

बाहेर ह्यांचे डोळे ओले. "अगं, एवढी वर्षं घरात रेडिओ होता आणि मी बाहेर पान खात गाणी ऐकत उभा राहायचो." विनोद चांगला होता. मी ह्यांच्यावरच खेकसले — "मग विचारलंत का कधी?" सबंध वाटेत माझी बॅग मांडीवर घेऊन बसले होते.

२० मे, मंगळवार

दुकान. धूळ. एका आजोबांच्या डाव्या डोळ्याची काच ह्यांनी उजवीकडे बसवून दिली होती. आजोबा म्हणाले, "मला वाटलं म्हातारपणच आलं." दिवसभर लोकांच्या नाकावर काचा ठेवत होते, "हे स्पष्ट दिसतं की हे?" विचारत होते. विचारताना स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागलाय. पूर्वी येत नसे.

छोटीला फोन केला. तिच्या नवऱ्याने उचलला. "झोपलीय." भर दुपारी.

२३ मे, शुक्रवार

आज तिच्या घरी गेले. दार तिच्या नवऱ्याने उघडलं, त्यानेच चहा केला. छोटी आतल्या खोलीतून आली, बसली, आईच्या गुडघ्याचं विचारलं, माझ्या दुकानाचं विचारलं. सगळं नीट. परक्यासारखं नीट. तिच्या पियानोवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवल्या होत्या. मी माफी मागायला गेले होते. तोंडातून आलं — "तू बारीक झालीस."

"झाले का?" म्हणाली.

निघताना तिचा नवरा फाटकापर्यंत आला. हळूच म्हणाला, "ताई, शिबिरात काय झालं? घरात गुणगुणतसुद्धा नाही ती. तिने शाळेत सांगितलंय, पुढच्या वर्षी गाणं नको, दुसरा कुठलाही विषय द्या." म्हटलं, दमलीय.

घर कसं गाठलं आठवत नाही. मी तिचा घास काढून घेतला. आणि तो माझ्याही पोटात जात नाही.

२६ मे, सोमवार

मॅडमचा फोन. त्यांच्या गटात पावसाळ्यानंतर दौरा आहे, मागच्या फळीत खालच्या सुराला बाई हवी. "येता का?" म्हटलं, विचार करते. हे म्हणाले, "जा." आई म्हणाली, "आता ह्या वयात?" आणि मग लगेच, "छोटीला घेऊन जा बरोबर, तिला बरं वाटेल."

मी आईला पहिल्यांदाच म्हटलं, "आई, तिला नाही. मला बोलावलंय." आई म्हणाली, "हो का." तेवढंच. त्यातही मला चोरी केल्यासारखं वाटलं.

२९ मे, गुरुवार

मॅडमना "नाही जमणार" म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं नाही. "दार उघडं आहे," म्हणाल्या, "पण मी दाराशी उभी नाही."

तो सूर रोज आठवतो. जेवताना, काच घासताना. आणि पाठोपाठ तिचे उघडे डोळे. दोन्ही एकत्रच येतात, एक घेऊन दुसरं ठेवता येत नाही.

१ जून, रविवार

छोटी आली. दुकान बंद करत होते. म्हणाली, "जवळचं वाचता येत नाही, नंबर काढून दे." खुर्चीत बसवली, तपासायची फ्रेम नाकावर ठेवली. काचा बदलत होते, मी तिला धूसर दिसत असणार. कदाचित म्हणूनच बोलली.

"ताई, मला माहीत होतं."

"काय?"

"तू थांबलीस की मी उतरते ते. सहावीत असताना तुला गोवर आला, स्पर्धेला मी एकटीच उभी राहिले. त्या दिवशी कळलं. कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. कळलं असतं तर तू गायला लागली असतीस ना."

माझ्या बोटांत काच तशीच.

"दुसरी लाव की," म्हणाली. मग शांतपणे, समोरच्या अक्षरांकडे बघत, "तुझ्या लग्नात मी एवढी रडले. सगळे म्हणाले, बहिणीवर किती जीव आहे बघा. तुला काय वाटलं, तू सासरी चाललीस म्हणून?"